मुंगीचे गुण

"ही परीक्षा नाही," मॅडमनी वर्गापुढे उभं राहून सांगितलं. "यात बरोबर-चूक असं काही नाही. कागदावर नाव लिहायचं नाही, फक्त हजेरी क्रमांक. आणि तुमची उत्तरं माझ्याशिवाय कुणालाही कळणार नाहीत."

"मग तुम्हाला तरी कशाला कळायला हवीत?" मागच्या बाकावरून आवाज आला आणि सगळा वर्ग खिदळला.

मॅडमही हसल्या. खरं तर त्यांचं वय अजून मॅडम म्हणवून घेण्याचं नव्हतं. विद्यापीठातून शिकून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते, आणि आता त्याच विद्यापीठात त्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली काम करत होत्या. प्राध्यापक एक प्रश्नावली तयार करत होते. वाढत्या वयातली मुलं इंटरनेटच्या किती आहारी गेली आहेत, ते मोजणारी. एकाखाली एक विधानं, आणि प्रत्येकापुढे पाच चौकटी: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. आपल्याला लागू पडेल तिथे खूण करायची. खुणांचे गुण, गुणांची बेरीज, आणि बेरीज जेवढी मोठी तेवढं दुखणं मोठं. पण ही मोजपट्टी भरवशाची आहे की नाही हे कळायला तीच प्रश्नावली त्याच मुलांकडून काही आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यावी लागते. दोन्ही खेपेला उत्तरं साधारण सारखी आली तर पट्टी चांगली. हजेरी क्रमांक हवा तो एवढ्यासाठीच. नाहीतर पहिला कागद कुणाचा आणि दुसरा कुणाचा, हे जुळवायचं कसं?

शाळा-शाळांतून फिरून मॅडमना आता कागदावरून पोरं ओळखू यायला लागली होती. सगळीकडे 'कधीच नाही' करणारी साळसूद. सगळीकडे 'नेहमी' करून शेजारच्याला कोपर मारणारी टारगट. काही तर चौकटींतून वरपासून खालपर्यंत नागमोडी नक्षी काढायची. खरं उत्तर देणाऱ्या मुलांचे कागद मात्र खाडाखोडीचे असत.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसली होती. बारीक चणीची, केस आखूड कापलेले, शाईनं बोटं बरबटलेली. एकेक विधान वाचून ती पेन वर धरून विचार करायची आणि मगच खूण करायची. मध्येच तिनं हात वर केला.

"मॅडम, इथे लिहिलंय, 'नेट बंद पडलं की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.' नुसतं वाटतं, असंच ना?"

"हो. म्हणजे तशी भावना होते का."

"आणि खरंच हरवत असेल तर?"

"तर... 'नेहमी'वर खूण कर," मॅडम म्हणाल्या, कारण दुसरं काही सुचलं नाही.

मुलीनं मान डोलावली आणि खूण केली.

बेरीज झाल्यावर कळलं की तोवरच्या सगळ्या शाळांत मिळून त्या मुलीचे गुण सर्वांत जास्त होते. नेटवर काय करते हे घरच्यांपासून लपवते: नेहमी. संध्याकाळी नेटवर जायला मिळालं नाही तर दुसरं काही सुचत नाही: नेहमी. नेटवर भेटणारं माणूस घरातल्या माणसांपेक्षा जवळचं वाटतं: इथे तिनं आधी 'बऱ्याचदा' केलं होतं, ते खोडून 'नेहमी'. कुणीतरी पोरीला जाळ्यात ओढलंय, हाच विचार मॅडमच्या मनात पहिल्यांदा आला. असे किस्से काय कमी ऐकले होते?

त्यांनी कागद प्राध्यापकांपुढे ठेवला.

"दुसरी फेरी होईपर्यंत हात लावू नकोस," प्राध्यापक म्हणाले. "मध्ये ढवळाढवळ केलीस तर मोजणी बिघडेल."

"पण सर, मुलगी अडचणीत असेल तर?"

"असेल किंवा नसेल. पट्टी नीट मोजते का हेच अजून आपल्याला ठाऊक नाही, आणि तू त्यावरून औषध द्यायला निघालीस."

मॅडमना त्या बोलण्याचा राग आला. मुलगी राहिली बाजूला, यांना आकड्यांची काळजी. दोन दिवस त्यांनी कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मोठ्या बाईंची गाठ घेतली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. करड्या शिस्तीच्या, पण पोरांवर जीव असलेल्या. मॅडमनी फक्त एवढंच सांगितलं की या हजेरी क्रमांकाच्या मुलीशी कुणीतरी हळुवारपणे बोलायला हवं. मोठ्या बाईंनी हजेरीपट उघडला आणि मॅडम पुढचं वाक्य पूर्ण करायच्या आत शिपायाला हाक मारली.

"वडिलांना निरोप धाडा. उद्याच बोलवा."

वडील बस आगारात नियंत्रक होते. कोणती गाडी किती वाजता सुटायची, कुठला चालक आला नाही, हे बघणारे. कामावरून तसेच गणवेशात आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांनी मॅडमचं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकलं.

"म्हणजे व्यसनच म्हणायचं ना हे?"

"तसा शब्द आम्ही एवढ्यात वापरत नाही," मॅडम म्हणाल्या. "गुण जास्त आलेत, एवढंच."

"पण धोका आहे?"

"धोका... आहे. पण एकदम सगळं बंद करू नका. तिला विश्वासात घेऊन, तिच्याशी बोलून, हळूहळू..."

'आहे'नंतरचं त्यांच्या कानात शिरलंच नाही, हे मॅडमना समोर दिसत होतं.

"एक पोर हातचं गेलंय माझं," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "दुसरं जाऊ देणार नाही." उठले, दोघींना हात जोडले आणि निघाले. दारातून मात्र वळून म्हणाले, "उपकार झाले तुमचे. वेळेवर सांगितलंत."

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. "थोरला मुलगा घर सोडून गेला यांचा. शिक्षण अर्धवट टाकलं, बापलेकांत वाजलं, आणि गेला. दोनेक वर्षं झाली असतील. तेव्हापासून माणूस असा दगडासारखा झालाय."

दुसऱ्या फेरीला मॅडम त्या वर्गात गेल्या तेव्हा त्यांचं लक्ष आधी खिडकीकडे गेलं. मुलगी होती. या खेपेला तिनं काही विचारलं नाही, पेनही वर धरलं नाही. सगळ्यांच्या आधी कागद आणून टेबलावर ठेवला. वरपासून खालपर्यंत 'कधीच नाही'. एकही खाडाखोड नाही.

तास संपल्यावर मॅडमनी तिला व्हरांड्यात गाठलं. "जरा बोलायचं होतं तुझ्याशी."

मुलगी थांबली. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. "तुम्ही म्हणाला होतात, कुणालाही कळणार नाही," ती म्हणाली आणि पाण्याच्या नळाकडे निघून गेली.

मोठ्या बाईंना मात्र आनंद मावत नव्हता. "बघा, कसे खाडकन खाली आले गुण! वडिलांनी फोनच काढून घेतला म्हणे. पालकसभेत तुम्ही चार शब्द बोलाच." मॅडमनी काहीतरी कारण सांगून पाय काढता घेतला. प्राध्यापकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि चष्मा काढून डोळे चोळले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "दोन्हींतला खरा कुठला, ते आता तूच सांग."

त्याचं उत्तर मिळेपर्यंत मॅडमना चैन पडेना. मुलीची आई सरकारी रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करते, एवढं शाळेतून कळलं होतं. एका दुपारी त्या तिथे जाऊन थडकल्या.

तळघरातली लांबलचक खोली. एका अंगाला घरघरणारी यंत्रं, छताजवळ वाफेचा थर, आणि लाकडी फळ्यांवर पांढऱ्या चादरींच्या चळती. आई एकटीच चादरींच्या घड्या घालत होती. मॅडमनी आपण कोण ते सांगितलं. आईनं वर पाहिलं, मग हातातल्या चादरीची दोन टोकं त्यांच्यापुढे केली.

"धरा. जोडीची बाई आज आली नाही. हात चालू असले की बोलता येतं मला."

मॅडमनी टोकं धरली. चादर अजून गरम होती.

"ओरडा, काय ते," मॅडम म्हणाल्या. "मी ऐकून घेईन."

"ओरडून काय होणार, ताई? तुम्ही पोरीच्या भल्याचंच बघितलंत." दोघी चालत जवळ आल्या, टोकांना टोकं लागली, पुन्हा लांब गेल्या. "ती कुणाशी बोलायची, माहितीये? भावाशी."

मॅडमचे हात थांबले.

"धरा ना नीट. जमिनीला लागेल."

मग आई थोडं थोडं करून सांगत गेली. थोरला गेला त्या दिवशी बाप म्हणाला होता, या घरात त्याचं नाव काढायचं नाही. कुणी काढलं नाही. पोराचा नंबर बंद. पण लहानपणी दोघं भावंडं फोनवर एक खेळ खेळायची. समुद्रात एकेकाचं बेट असतं, त्यावर घर बांधायचं, झाडं लावायची, शेजारच्या बेटावर जाऊन गप्पा मारायच्या. तिथे भाऊ बोका आणि बहीण मुंगी. तो गेल्यावरही मुंगी रोज आपल्या बेटावर जाऊन बसायची. आणि एका संध्याकाळी बोका आला. तो कुठे काम करतो ते त्यानं सांगितलं नाही. स्वतःचा फोन नव्हता म्हणे, मालकाच्या संगणकावरून यायचा, काम संपल्यावर, थोडा वेळ. एकच अट घातली त्यानं: बाबांना सांगायचं नाही.

"मग रोज संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहायची आणि ती दाराशी बसायची. मी हळूच म्हणायची, विचार, खोकला गेला का. ती लिहायची. मग तिकडून काय आलं ते मला सांगायची. खोकला गेला. नवीन बूट घेतले. मालक बरा आहे." आईनं घडी चळतीवर ठेवली आणि तळहातानं दाबली. "लेकरू माझं असं संध्याकाळपुरतं घरी यायचं, ताई."

"आणि फोन गेला त्या दिवशी?"

"त्या दिवशी हे शाळेतून आले ते तडक तिच्यापुढे. म्हणाले, उघड आणि माझ्यासमोर सगळं पूस. ती पाया पडली. पण कशासाठी ते बोलली नाही, शब्द दिला होता ना त्याला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासत होते." आई थांबली. "घासतच राहिले. वाटलं, यांना कळलं तर हे तिथेही जाऊन पोराला बोलतील आणि तो तिथूनही उठेल. खेळ गेला, बेट गेलं, मुंगी गेली. आता त्यानं यायचं म्हटलं तरी कुणाकडे यायचं?"

मॅडमनी पुढच्या चादरीची टोकं उचलली.

त्यानंतर त्यांनी तो खेळ आपल्या फोनवर उतरवून घेतला. नावानं शोधलं तर बोके शेकड्यानं निघाले. खेळ चालवणाऱ्या कंपनीला लिहिलं, तर उलट टपाली छापील उत्तर आलं: पुसलेलं खातं परत आणता येत नाही. शेवटी त्यांनी आईकरवी मुलीला निरोप धाडला. मुलगी त्यांच्याशी बोलायला तयार नव्हतीच, पण आईच्या हाती एक चिठोरं आलं. त्यावर 'बोका' कसं लिहायचं ते होतं; शेवटी एक उगाचच लांबवलेला काना आणि दोन टिंबं, लहानपणची काहीतरी गंमत असावी.

तसं लिहिल्यावर बोका सापडला.

त्याचं बेट जागेवर होतं. छोटंसं घर, पुढे फळझाडं, काठाला बांधलेली नाव. शेजारी जिथे मुंगीचं बेट असायला हवं होतं तिथे नुसतं पाणी. आणि त्या पाण्याकडे तोंड करून त्यानं एक पाटी रोवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी पाटी त्या खेळात लावता येते. पाटीवर लिहिलं होतं: 'मुंगे, माझं काही चुकलं का?'

पाटीखाली तारीख होती. फोन काढून घेतला त्याच आठवड्यातली. त्यानंतर तो तिथे आल्याची नोंद नव्हती.

मॅडमनी पाटीखाली उत्तर लिहिलं: तुझं काही चुकलं नाही, तिचा फोन गेला आहे, ती तुझी वाट बघते आहे. रोज जाऊन बघितलं. उत्तर नाही. आठवडा गेला, आणखी एक गेला, तेव्हा त्यांना कळून चुकलं की हे आपल्यापाशी दडवून ठेवायचा आपल्याला हक्क नाही. आईला विचारून त्या एका रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेल्या. मुलीच्या वडिलांची त्या दिवशी आगारात पाळी होती.

दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. भिंतीवर एका जागी खिळा होता, फोटो नव्हता. मुलगी आतून आली, टेबलापाशी उभीच राहिली. मॅडमनी फोन तिच्यापुढे धरला. तिनं पाटी वाचली. मग बोटानं पडदा सरकवत ती त्या पाण्यावरून हळूहळू फिरली, जणू तळाशी काही दिसेल.

"त्याला वाटलं, मीच पुसलं," ती म्हणाली. तेवढंच.

तेवढ्यात दार वाजलं. बाबा. कुणीतरी पाळी बदलून घेतली होती. त्यांनी मॅडमना पाहिलं, लेकीच्या हातातला फोन पाहिला, आणि चेहरा तांबडा झाला.

"तुम्हीच सांगितलंत ना मला? आणि आता तुम्हीच हातात देताय?"

मॅडमना जे सांगायचं होतं ते त्यांचं स्वतःचं नव्हतं. मागे एकदा त्यांनी असंच दुसऱ्याचं काहीतरी, चांगल्या मनानं, तिसऱ्याच्या हाती दिलं होतं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ओले हात पुसले नाहीत. "तिच्यावर ओरडू नका," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सरळ. "ती खेळत नव्हती. आपल्या पोराशी बोलत होती. माझ्यासाठी बोलत होती. मला ठाऊक होतं आणि मी तुम्हाला पुसू दिलं."

बाबांनी हात पुढे केला. मुलीनं फोन दिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, खिशात चष्मा चाचपला, सापडेना, तसंच डोळे बारीक करून वाचलं. वाचून झाल्यावरही फोन खाली आला नाही.

"हे कधीचं?" त्यांनी विचारलं.

तारीख खालीच होती. ती त्यांनी वाचली, फोन मॅडमच्या हाती दिला आणि कपाटातून लेकीचा फोन काढून चपला न बदलता बाहेर पडले.

कोपऱ्यावर फोन दुरुस्तीचं एक खोकं होतं. मॅडम बसथांब्याकडे निघाल्या तेव्हा ते तिथे उभे दिसले. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून, आगाराचा गणवेश घातलेला तो माणूस दुकानदाराला विनवत होता.

"बघा ना, आत कुठेतरी राहिलं असेल. आमच्याकडे सुटलेल्या गाडीचीसुद्धा नोंद राहते."

"फोटो असते तर काढून दिले असते, काका," दुकानदार म्हणत होता. "हे फोनमध्ये नसतंच. कंपनीकडे असतं. तिकडून गेलं म्हणजे गेलं."

"मी भरतो काय लागेल ते."

"काका, भरून येणारं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?"

मॅडम रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं गेल्या. त्यांनी आपल्याला पाहू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

प्राध्यापकांनी शेवटी त्या मुलीचे दोन्ही कागद मोजणीतून काढून टाकले. बाकीच्या मुलांचे आकडे छान जुळले. पट्टी भरवशाची ठरली. मॅडमनी अहवाल लिहिला, आणि लिहून झाल्यावर दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज केला. निघण्याआधी त्या आणखी एकदा धुलाईघरात गेल्या.

आई त्यांना बघून हसली नाही, पण तिनं बसायला पालथी बादली पुढे सरकवली.

"मुलगी कशी आहे?"

"शाळेत जाते. फोन दिलाय तिला परत. उघडत नाही." आईनं हातातली घडी चळतीवर ठेवली. "हे उघडतात. कामावरून आले की चष्मा लावून बसतात. लेकीला विचारून विचारून नवीन खातं काढलं. ती बोलत नाही त्यांच्याशी, नुसतं बोटानं दाखवते. पोराच्या शेजारीच जागा घेतलीये. घर बांधलंय, पण तिरकं झालंय. एका माणसालाच आत शिरता येईल एवढं. ते पाडून पुन्हा बांधतात."

"आणि पाटी?"

"लावली ना. आठ दिवस काय लिहू, काय लिहू चाललं होतं. मला वाटलं, चुकलं म्हणून लिहितील." आईनं पदराच्या टोकानं कपाळावरची वाफ टिपली. "'जेवायला ये' असं लिहिलंय. दुसरं काही येत नाही त्यांना."

यंत्र थांबलं. खोलीत अचानक इतकी शांतता झाली की वरच्या मजल्यावर कुणीतरी ढकलत नेलेल्या गाडीची चाकं ऐकू आली.

"तुम्ही शिकलेल्या आहात," आई म्हणाली. "बघेल का हो तो, ताई?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

आईनं मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. उठली, यंत्राचं झाकण उघडलं आणि ओल्या चादरींचा जड पिळा दोन्ही हातांनी बाहेर ओढायला लागली.